धबधब्यावरची जमावबंदी

मृग लागला, घाटमाथ्यावर चार दमदार सरी कोसळल्या, की सह्याद्रीत दोन गोष्टी हमखास सुटतात. कड्यांवरून धबधबे आणि जिल्ह्याच्या कचेरीतून आदेश. वाहत्या पाण्यात उतरू नये, धबधब्याखाली बसू नये, कड्याच्या टोकाशी सेल्फी किंवा रील काढू नये, मद्यपान करू नये, गाडी अमुक अंतराच्या आत नेऊ नये. मग एखाद्या रविवारी कुणीतरी वाहून जातं आणि वाद पेटतो. एक बाजू म्हणते, लोकांना अक्कल नाही, सगळं बंद करून टाका. दुसरी म्हणते, डोंगर कुणाच्या मालकीचा नाही, आम्ही वर्षानुवर्षं फिरतोय, आम्हाला अडवणारे तुम्ही कोण? हे आठवडाभर चालतं. पुढच्या शनिवारी घाटात पुन्हा गाड्यांची रांग लागलेली असते.

हा वाद चुकीच्या प्रश्नावर चाललाय, असं माझं म्हणणं आहे. दोन्ही बाजूंना वाटतं की धबधबा ही एक जागा आहे आणि ती एकतर उघडी असते नाहीतर बंद. प्रत्यक्षात त्याच कातळावर सकाळी अकरा वाजता लहान मूल पाय बुडवून बसू शकतं आणि दुपारी एक वाजता तिथे हत्तीचा टिकाव लागणार नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. धबधबे बंद करावेच लागतात, पण ते कॅलेंडर बघून नव्हे, पाऊस बघून. आणि जिल्ह्याच्या गावी बसून नव्हे, ओढ्याच्या काठी उभं राहून. हा बंद करण्याचा अधिकार, आणि त्याचा पगारही, त्या धबधब्याच्या पायथ्याच्या गावातल्या माणसाला द्यायला हवा.

पाणी वाढतं कसं ते आधी बघू. घाटमाथा म्हणजे बेसॉल्टचा कातळ, त्यावर वीतभर माती. ती जूनच्या अखेरीस पाणी पिऊन गच्च होते. त्यानंतर पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ नाळेत उतरतो. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे माथ्यावर सर कोसळली की खाली लोंढा यायला तास लागत नाहीत, मिनिटं पुरतात. खालच्या कुंडात बसलेल्यांच्या डोक्यावर कदाचित ऊनही असतं. ज्याला दिसतं त्याला दिसतं: आधी नितळ पाण्याला चहासारखा रंग चढतो, मग वरून पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागतात, आणि मग आवाज बदलतो, खळखळीच्या खाली एक जड घरघर ऐकू येते. डोंगरातलं गुरं राखणारं पोर एवढ्यावर उठून काठ गाठतं. ठाण्याहून आलेला माणूस त्याच वेळी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत असतो. यात मूर्खपणा नाही, अनोळखीपणा आहे. गुडघाभर पाणी वेगात असेल तर धडधाकट माणसाचे पाय सुटतात, कारण वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. हे पोहण्याच्या तलावात कुणी शिकत नाही.

आणि पाऊस तरी केवढा? 25 जुलै 2024 ला संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी घाटात 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात पडतो त्याच्या जवळपास तीन चतुर्थांश, एका दिवसात. त्या दिवशी ताम्हिणीत कुणी जाऊ नये हे सांगायला वैचारिक लेख लागत नाही. पण त्याच पावसाळ्यात पावसानं ओढ दिलेले, ओढे पोटरीभर उतरलेले दिवसही होतेच. आदेशाच्या लेखी या दोन दिवसांत काही फरक नाही.

तारखेनं चालणारा आदेश दुसऱ्या टोकालाही फसतो. 30 जून 2024 च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, एक बाई आणि चार मुलं. चारी बाजूंनी पाणी चढलेल्या कातळावर एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते लोक आपण सगळ्यांनी पाहिले. पुणे जिल्ह्याचा मोठा मनाई आदेश त्यानंतर निघाला, जुलै महिन्यासाठी. म्हणजे ज्या दिवशी हवा होता त्या दिवशी नव्हता, आणि नंतर जे दिवस कोरडे गेले त्या दिवशीही होता.

ही मनाई ज्या कलमाखाली निघते तेही बघण्यासारखं आहे. पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम 144, आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. दंगल, मोर्चा, तणाव अशा तातडीच्या प्रसंगांसाठीचं हे हत्यार. त्याखालचा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, कारण अचानक उद्भवलेल्या संकटासाठीच तो असतो. पावसाळा अचानक उद्भवतो काय? तो जूनमध्ये येणार हे जानेवारीत माहीत असतं, कुठल्या ओढ्यावर माणसं जातात तेही माहीत असतं, गेल्या वर्षी कुठे कोण बुडालं हे पोलीस ठाण्याच्या नोंदीत असतं. जे दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी घडतं त्याला आणीबाणीचं कलम लावणं म्हणजे वर्षभर काही केलं नाही याची कबुली आहे.

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण तिचं म्हणणं पोकळ नाही. एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात माणसं किती आणि त्या तालुक्यात धबधबे किती? शनिवार-रविवारी हजारोंनी लोटणारी गर्दी, त्यात गाड्या, बाटल्या, भांडणं. अशा वेळी अधिकाऱ्याच्या हातात एकच साधन असतं, रस्त्यावर नाका लावून गाड्या परत पाठवणं. रेड अलर्टच्या दिवशी लावलेल्या अशा नाक्यानं जीव वाचतात, यात मला शंका नाही. ज्या अधिकाऱ्यानं आदेश काढला नाही आणि माणसं गेली, त्याच्यावर आपणच तुटून पडतो. मग तो आदेश काढणार नाही तर काय करणार?

पण नाका अडवतो तो रस्त्यावरच्या माणसाला, ओढ्यावरच्या नाही. माहितीचा, गाव जवळ असलेला, मोबाइलला रेंज असलेला धबधबा बंद झाला की गर्दी घरी परतत नाही, पुढच्या घळीत शिरते. तिथे ना टपरी, ना दोर, ना हाक मारली तर ऐकणारं कुणी. गोव्यात दूधसागरचं हेच झालं. पावसाळ्यात तिथे जायला मनाई, म्हणून लोक रेल्वेनं येऊन रुळांवरून चालत धबधबा गाठू लागले. जुलै 2023 मध्ये अशा शेकडो जणांना अडवून उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. सगळे हसले. पण बोगद्यांच्या मार्गावर, धो धो पावसात, चालू रुळांवरून चालणं हे धबधब्यापाशी उभं राहण्यापेक्षा कमी धोक्याचं कसं, हे कुणी विचारलं नाही.

कागदावरची बंदी आणि खरी बंदी यांतलं अंतर पाहायचं असेल तर तळेगावजवळचं कुंडमळा पाहा. 15 जून 2025, रविवार. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, आणि पुलावर माणसंही होती. फलक लावणाऱ्याचं काम फलक लावून झालं होतं. पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहणारा एक माणूस त्या रविवारी असता तर? नवा पूल व्हायला निधी, निविदा, मंजुरी सगळं लागतं. माणूस उभा करायला रोजंदारी पुरते.

या वादात आणखी एक सूर असतो, तो मला सगळ्यात खटकतो. ‘रीलवाले’. जणू इन्स्टाग्राम येण्याआधी डोहात कुणी बुडतच नव्हतं. जुलै 2024 मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एका तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला, ते दुःखद होतंच, पण त्या एका घटनेनं आपली सोय फार झाली. मरणाऱ्याचं व्यसन सापडलं की उरलेल्यांची जबाबदारी संपते. भुशीला वाहून गेलेलं कुटुंब काही रील काढायला पाण्यात उतरलं नव्हतं, चार घटका पावसात भिजायला आलं होतं. ज्यांना लोणावळ्यात तरणतलाववाला बंगला परवडतो ते त्याच रविवारी तिथे निवांत असतात आणि त्यांच्या पाण्यावर कुठलंही कलम लागत नाही. लोकलनं, एसटीनं किंवा एका मोटारसायकलवर तिघं बसून आलेल्यांसाठी पावसाळ्यातली एकमेव फुकटची चैन म्हणजे डोंगरातलं पाणी. ती काढून घ्यायची असेल तर निदान कुणाकडून काढून घेतोय ते ठाऊक असावं. कर्जतच्या ठाकरवाड्यांत किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला महादेव कोळ्यांच्या गावांत या चार महिन्यांत भजी, चहा, पिठलं-भाकरी आणि गाड्या लावायची जागा यांतून जे चार पैसे येतात त्यांचाही विचार आदेशात कुठे नसतो.

ट्रेकर मंडळींनाही सोडायचं कारण नाही. ‘पिकनिकवाले वेगळे, आम्ही वेगळे’ हा त्यांचा आवडता युक्तिवाद. भुशीच्या त्याच सुमारास ताम्हिणीत कुंडात उडी मारून वाहून गेलेला माणूस लष्करातून निवृत्त झालेला, खेळाडू होता. कोसळत्या पाण्याखालचं फेसाळ पाणी हवेनं भरलेलं असतं, त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही, आणि कड्याच्या बुडाशी फिरणारा प्रवाह माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतो. तिथे दंडात किती ताकद आहे याला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय अनुभवी ट्रेकर अडकला तरी त्याला काढायला जातं कोण? लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीचे यशवंती हायकर्स अशा संस्थांतली पोरं, नोकरीधंदा सोडून, बिनपगारी, रात्रीच्या पावसात. ‘माझा जीव, माझी जोखीम’ म्हणणारा दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाची जोखीमही परस्पर घेत असतो. म्हणून सरसकट स्वातंत्र्याची मागणी मला सरसकट बंदीइतकीच आळशी वाटते.

डोंगरात माणसं मेली की बंदीची भाषा येणं हे काही आपलंच नाही. 1882 मध्ये आल्प्समधल्या अपघातांनी अस्वस्थ झालेल्या व्हिक्टोरिया राणीनं आपल्या चिटणीसामार्फत पंतप्रधान ग्लॅडस्टनकडे विचारणा केली होती की गिर्यारोहणाविरुद्ध काही बोलावं का. ग्लॅडस्टननं हस्तक्षेपाला अनुकूलता दाखवली नाही आणि विषय तिथेच मिटला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती साठ वर्षांआधीची गोष्ट. ऑगस्ट 1820 मध्ये डॉ. हॅमेल नावाचा रशियन निसर्गशास्त्रज्ञ आल्प्समधल्या माँ ब्लां शिखराच्या चढाईवर होता. हवा बिघडली, बर्फ सैल झालं, वाटाडे पुढे जायला नाखूश होते. साहेबांना मात्र जायचंच होतं. हिमप्रपात झाला आणि मेले तीन वाटाडे. पुढच्याच वर्षी पायथ्याच्या शामोनी गावात वाटाड्यांची संस्था उभी राहिली, ती आजही आहे. त्या गावानं डोंगर बंद केला नाही. डोंगर ओळखणाऱ्याला एकेकट्या नोकराच्या जागेवरून उचलून संस्थेचं बळ दिलं. आपल्याकडच्या प्रत्येक धबधब्याखाली असा माणूस आहे. तो आज ‘साहेब, आज नका जाऊ’ म्हणतो, लोक हसून पुढे जातात, आणि संध्याकाळी त्यालाच दोर घेऊन बोलावलं जातं.

आल्प्स लांब वाटत असतील तर मांढरदेव घ्या. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आगीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, हे तेव्हा पुढे आलं. चौकशी आयोग बसला, देवळापाशी नारळ फोडणं थांबलं, गर्दीच्या येण्याजाण्याला शिस्त लागली. यात्रा बंद करा असं कुणी म्हणालं का? देवाला जाणारी गर्दी आपण सांभाळायची मानतो आणि पाण्याला जाणारी गर्दी हाकलायची. श्रद्धेला जागा मिळते आणि मौजेला काठी, एवढाच काय तो फरक.

सांभाळता येतं याचे दाखले शोधायला फार लांब जावं लागत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, आणि दारावर आसपासच्या गावांच्या वन समितीची माणसं. तिथेही चुका झाल्या. फुलं वाचवायला घातलेल्या जाळीचा फुलांनाच त्रास होतो अशी ओरड झाली आणि ती काढावी लागली. पण चूक दुरुस्त करायला तिथे कुणीतरी हजर होतं. तामिळनाडूत मार्च 2018 मध्ये कुरंगणीच्या वणव्यात वीसहून अधिक ट्रेकर गेले. तिथेही आधी बंदीच आली. पण ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच राज्यानं चाळीस वाटा, स्थानिक आणि आदिवासी तरुणांतून तयार केलेले वाटाडे, ऑनलाइन नोंदणी अशी व्यवस्था सुरू केली, आणि वणव्याच्या मोसमात त्या वाटा बंद ठेवायचं ठरवलं. म्हणजे बंदी आहेच, फक्त ती धोक्याला बांधलेली आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून पगारी जीवरक्षक उभे आहेत. लाल झेंडा लावला की समुद्रात उतरायचं नाही, हे तिथे आलेल्या दिल्लीच्या पाहुण्यालाही कळतं. समुद्र बारा महिने बंद करा, अशी मागणी तिथे होत नाही.

हे सगळं मान्य केलं तरी एक आक्षेप उरतो आणि तोच सगळ्यात भक्कम आहे. ज्याचं पोट गर्दीवर, तो गर्दी परत कशी पाठवेल? माणशी पन्नास रुपये घेणारा राखणदार पाणी चढलेल्या रविवारी डोळेझाक करणारच. मावळात, मुळशीत हे होताना दिसतं. वरच्या नाक्यावर मनाई, खालच्या वाडीत पार्किंगचे शंभर घेऊन मागची पायवाट दाखवली जाते. गावकऱ्यांना उगाच देवपण देण्यात अर्थ नाही. मात्र यातून निघणारा निष्कर्ष बंदीचा नाही, पगाराच्या पद्धतीचा आहे. राखणदाराला माणशी पैसे देऊच नका. जून ते सप्टेंबर ठरलेलं मासिक मानधन द्या, धबधबा बंद असलेल्या दिवशीही तेवढंच. उघड्या दिवसांचं शुल्क ग्रामपंचायत किंवा वन समितीच्या खात्यात जाऊ दे आणि त्यातून टपरीवाल्यांना बंद दिवसांची थोडीफार भरपाई मिळू दे. ‘आज बंद’ म्हणण्यानं त्याचा एक रुपया बुडत नसेल तर तो म्हणेल. म्हणाला नाही तर काढून टाका, दुसरा ठेवा. कलम 163 ला कामावरून काढता येत नाही.

दुसरी शंका जबाबदारीची. उद्या राखणदारानं उघडं ठेवलं आणि अपघात झाला तर पोलीस त्या पोराला धरणार. रास्त भीती आहे. पण 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाला धोक्याच्या जागी प्रवेश रोखायचा अधिकार आहे आणि सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षणही आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत गावोगावचे तरुण आधीच प्रशिक्षण घेतात. राखणदाराला त्या छत्राखाली नेमा आणि नियम त्याच्या मर्जीवर सोडू नका. घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापकानं ठरलेला आकडा ओलांडला की बंद. पाणी कातळावर रंगवलेल्या लाल रेघेला लागलं की बंद. हवामान खातं आता पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाट परिसरासाठी वेगळे इशारे देतं, त्यात रेड असेल तर सकाळपासूनच बंद. या तिन्हींपैकी काहीच झालं नाही, पण त्याला आवाज बरा वाटत नाही, तरी बंद. शेवटचा नियम मोजता येत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सगळीकडे एकदम करता येणार नाही, उघडच आहे. अंधारबन, प्लस व्हॅली यांसारख्या लांबलचक वाटा भर पावसात बंदच बऱ्या, तिथे एक माणूस काठी घेऊन काय करणार? काही ठिकाणी दरडीचा धोका पाण्यापेक्षा मोठा आहे, तीही सोडा. पण भुशी, कुंडमळा, देवकुंड, भंडारदऱ्याचा परिसर अशी निवडक, वर्षानुवर्षं बातम्यांत येणारी ठिकाणं आधी घेता येतील. प्रत्येक ठिकाणी दोन पाळ्यांत चार माणसं, दोर, भोंगा, माथ्यावरच्या वाडीशी फोनचा संपर्क. दर रविवारी घाटात उभ्या केलेल्या पोलीस बंदोबस्ताचा खर्च याच्या तुलनेत किती आहे, याचा हिशेब मांडायला हरकत नाही.

खरी अडचण पैशांची नाहीच. पुण्यामुंबईहून पहाटे निघालेली, माणशी दीड हजार घेऊन भरलेली बस सकाळी दहाला पायथ्याशी पोचते, आणि विशीतला एक कातकरी पोरगा आयोजकाला सांगतो, ‘आज नाही.’ ऊन पडलंय, ओढा शांत दिसतोय, बसमध्ये चाळीस माणसं कुरकुरतायत. त्या पोराचा शब्द फौजदाराच्या शब्दाइतका मानायची आपली तयारी आहे का? बंदीवाल्यांची नाही, कारण त्यांचा विश्वास फक्त शिक्क्यावर. ट्रेकवाल्यांचीही नाही, कारण डोंगर आपल्याला जास्त कळतो असं त्यांना वाटतं. राज्यानं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. त्या नोंदणीच्या अटींत एवढं घालायला काय हरकत आहे, की राखणदारानं परत पाठवलेल्या ट्रेकचे पैसे आयोजकानं लोकांना परत द्यायचे, आणि त्याला न जुमानता कुणाला पुढे नेलं तर नोंदणी रद्द?